पहिल्या ओळीतले वजन

मुलुंड पश्चिमेच्या एका बैठ्या चाळीत राहणारी एकाहत्तर वर्षांची विधवा फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी पालिकेच्या रुग्णालयात मरण पावली. तिला क्षय झाला होता, पण मृत्यू क्षयाने झाला नव्हता. यकृत निकामी झाले होते. दुपारी आमच्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि त्याच संध्याकाळी तिच्या सुनेवर खुनाचा आरोप करणारा जबाब लिहून घेतला गेला.

मला निवृत्त होऊन काही वर्षे झाली. बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळले आहेत. या गुन्ह्याचे मिसळलेले नाहीत. मृत महिला सोडून सगळे हयात आहेत, म्हणून नावे देत नाही. दवाखान्याचेही देत नाही.

घरात तिघे. मृत महिला, तिचा मुलगा आणि सून. कुटुंब मूळचे मालवणकडचे. मुलगा विक्रोळीच्या एका कारखान्यात पाळीवर काम करी. उंच, अंगाने भरलेला, बोलायला कमी. सुनेचे माहेर खारदांड्याचे. लग्न दोघांनी ठरवले होते, सासूने मान्य केले नव्हते. मूलबाळ नव्हते. मृत महिलेची मुलगी लग्न होऊन बोरिवलीला राहत होती. जबाब तिने दिला.

ती ठाणे अंमलदारासमोर बसली नाही. उभ्यानेच बोलली.

"साहेब, बॉडी ताब्यात घेणार नाही मी. आधी तपासा. माझ्या आईला मारलंय हिनं."

"कशावरून म्हणता?"

"आई फोनवर सांगायची ना! शेवटचा फोन रविवारचा. म्हणाली, 'गो बाय, ही माका गोळ्यो घालून मारतली.' मी म्हटलं, आई, आजारी आहेस, उगाच काहीतरी बोलू नकोस. मला काय माहीत, खरंच मारेल?"

"आणि तुमचा भाऊ?"

"त्याला काय विचारता? तो घरात असतो कुठं? असला तरी तिच्यापुढं तोंड उघडायची हिंमत आहे का त्याची?"

मरणानंतर सासर-माहेरच्या लोकांनी एकमेकांवर केलेले आरोप पोलीस ठाण्याला नवीन नसतात. दहाव्याच्या आत बरेच विरून जातात. पण जबाब आला की तपासावा लागतो. शवविच्छेदन झाले. व्हिसेरा राखून कलिन्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवला.

रुग्णालयातल्या डॉक्टरांचा जबाब मी स्वतः घेतला. ते थेट बोलले.

"क्षयाच्या गोळ्या वजनावर असतात. या बाई सदतीस किलोच्या. त्यांना रोज दोन गोळ्या. पोटात जात होत्या पाच. पाच गोळ्या धडधाकट माणसाच्या. या वयात यकृत किती दिवस टिकणार?"

"पाच जात होत्या हे तुम्हाला कसं कळलं?"

"सुनेनं सांगितलं. रुग्णाला आणलं तेव्हा विचारलं, काय औषध चालू आहे, किती. ती म्हणाली, रोज पाच, एकही दिवस चुकवला नाही."

हे मी दोनदा लिहून घेतले. विष घालणारा माणूस आकडा आपणहून सांगत नाही, हा माझा अनुभव. पण अनुभव हा पुरावा नसतो. आणि बाकीचा पुरावा तिच्याविरुद्ध होता.

चाळीतल्या शेजाऱ्यांचे जबाब जवळपास एकसारखे आले. रोज सकाळी त्या घरातून ओरडण्याचा आवाज येई. सासू गोळ्या थुंकून टाकी, सून पुन्हा तोंडात घाली. समोरच्या खोलीतल्या बाईंनी वाक्य सांगितले ते असे: "गिळा गप! मरायचंय का?" शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी हेच वाक्य सांगितले, फक्त शेवटी प्रश्न नव्हता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सून म्हणाली होती, "गिळा गप आणि मरा." भिंत एकच होती. मी दोन्ही वाक्ये जशीच्या तशी नोंदवली.

शवविच्छेदनाचा प्राथमिक अभिप्राय, डॉक्टरांचा जबाब, मुलीची फिर्याद आणि शेजारी. एवढ्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. आरोपीच्या रकान्यात सुनेचे नाव आले. अटक झाली नव्हती. वरिष्ठ निरीक्षकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारले, "आणखी काय पाहिजे तुम्हाला? साक्षीदार आहेत, कारण आहे, ती स्वतः पाच म्हणतेय."

"तिच्याशी एकदा नीट बोलतो, सर."

"बोला. सोमवारी मात्र अटक दाखवा."

तो दिवस बुधवार होता.

अटकेआधी महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावे लागते. महिला हवालदारांना घेऊन मी गेलो. खोली स्वच्छ होती. ओट्याशेजारी पलंग होता आणि त्यावरची गादी गुंडाळून ठेवली होती. सुनेने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः पलंगाच्या लोखंडी पट्टीवर टेकली. नवरा कामावर गेला होता. चौकशी आहे हे त्याला माहीत होते.

"गोळ्या कोण द्यायचं?"

"मीच. दुसरं आहे कोण?"

"थुंकायच्या म्हणे."

"थुंकायच्या. शिव्या द्यायच्या. एकदा चावल्या पण." तिने अंगठा पुढे केला. व्रण फिका झाला होता.

"मग तुम्ही काय करायचात?"

"परत द्यायचे. नाक दाबून सुद्धा दिल्यात, साहेब. खोटं कशाला बोलू?"

महिला हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी लिहीत राहिलो.

"उलट्या होत होत्या त्यांना. तेव्हा गोळ्या थांबवाव्याशा नाही वाटल्या?"

"वाटल्या ना. पण दवाखान्यातले डॉक्टर मला पहिल्याच दिवशी म्हणालेले, मळमळेल, उलट्या होतील, काही झालं तरी बंद करायच्या नाहीत. बंद केल्या तर औषध लागू पडायचं नाही. म्हटलं, नंतर म्हणायला नको की सुनेनं औषध दिलं नाही."

"पाच गोळ्या हे कुणी सांगितलं?"

"पाकिटावर होतं. रोज पाच, नाश्त्यानंतर. आईंचं नाव होतं वर."

"पाकीट आहे?"

ती उठली. गॅसच्या वरच्या खिडकीशेजारी, भिंतीच्या फरशीवर एक कागदी पाकीट चिकटवलेले होते. ते तिने काढून आणले. पाकिटावर चिठ्ठी होती, बसच्या तिकिटाचा असतो तसल्या गुळगुळीत कागदाची. कोरी. तेलाचे हात लागून आणि ऊन खाऊन अक्षरे उडून गेली होती. उजेडात तिरकी धरून पाहिली. काही दिसले नाही.

"रोज डोळ्यांसमोर राहावं म्हणून तिथं लावलेलं," ती म्हणाली. मग चिठ्ठीकडे पाहून तिच्या लक्षात आले. "अगं बाई."

तिचा एकमेव पुरावा तिने स्वतः ओट्याच्या वर चिकटवला होता.

"आणखी काही आहे?"

तिने पलंगाखालून बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात गोळ्यांची रिकामी वेष्टने होती, सगळी. फेकली का नाहीत, असे विचारल्यावर म्हणाली, "आई फेकू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, माझ्या मुलीला दाखवायची आहेत, तू मला काय काय चारतेस ते."

वेष्टने पंचांसमक्ष जप्त केली. सगळी एकाच खेपेची होती. प्रत्येकावर छापले होते, विक्रीसाठी नाही. म्हणजे गोळ्या दुकानातून आणलेल्या नव्हत्या. तरी आसपासच्या औषध दुकानांत माणसे पाठवून खात्री केली. तसल्या गोळ्या कुठेच विकल्या जात नव्हत्या. त्या एका धर्मादाय दवाखान्याला देणगीत आल्या होत्या आणि मृत महिलेचे उपचार तिथेच चालू होते.

रोज दोन गोळ्यांच्या हिशेबाने दिलेले औषध रोज पाच घेतले, तर ते निम्म्याहून कमी दिवसांतच संपायला हवे होते. इथे तर डबाभर वेष्टने होती. एवढ्या गोळ्या तिला दवाखान्यानेच दिल्या होत्या. का, हा प्रश्न होता.

गुरुवारी दवाखान्यात गेलो. संस्था जुनी. मुलुंडमधल्या कार्यालयीन नोकरदार कुटुंबांनी उभारलेली, विश्वस्त सगळे निवृत्त आणि आदरणीय. डॉक्टर आठवड्यातून दोनदा मानद येत. रुग्णाच्या कागदावर ते औषधाचे नाव लिहीत आणि पुढे 'वजनानुसार' एवढा शब्द. किती गोळ्या, हे खालच्या खिडकीवरचा संगणक ठरवी आणि चिठ्ठी छापून देई. सचिवांनी ही पद्धत मला अभिमानाने सांगितली.

"माणसाच्या हातून चूक होते, साहेब. म्हणून आकडेमोड माणसाकडे ठेवलीच नाही."

"चिठ्ठीवर किती छापलं त्याची नोंद राहते?"

"औषधाची राहते. गोळ्यांचा आकडा चिठ्ठी छापताना निघतो. वेगळा साठवत नाही."

"साठ्यावरून कळेल?"

"देणगीच्या गोळ्या आहेत. वर्षाअखेरीला मोजतो. काही मुदत संपलेल्या निघतात, काही कमी भरतात."

खिडकीवर पन्नाशीच्या एक बाई बसत. वीस वर्षे तिथेच. मी त्यांना मृत महिलेची चिठ्ठी पुन्हा काढून दाखवायला सांगितले. पडद्यावर एक फॉर्म उघडला. वर कुटुंबाचा क्रमांक, पत्ता, आणि 'आजचा रुग्ण' असा एक रकाना. त्याखाली चौकटीत आणखी एक लहान फॉर्म, त्यात त्या कुटुंबातली माणसे. तीन ओळी. मुलगा, सून, आई. प्रत्येकाचे वय आणि वजन. दवाखान्यात नोंदणी माणसाची होत नसे, कुटुंबाची होई. पहिली ओळ कुटुंबप्रमुखाची.

बाईंनी वरच्या रकान्यात सासूचे नाव निवडले, खालच्या चौकटीत एक क्लिक केले, बटण दाबले. चिठ्ठी बाहेर आली. सासूचे नाव. रोज दोन गोळ्या.

"बघा," सचिव म्हणाले.

आणखी दोनदा काढायला लावली. दोन. दोन.

मी चिठ्ठ्या घेतल्या आणि निघालो. दवाखान्याची यंत्रणा बरोबर होती, वेष्टने खरी होती, चिठ्ठी कोरी होती. या तिन्हींतून निघणारा सरळ अर्थ असा, की सुनेने काहीतरी सांगून जास्त गोळ्या मिळवल्या. सोमवारची अटक त्या अर्थावर उभी राहू शकत होती.

ठाण्यात परत येऊन सुनेचा जबाब पुन्हा वाचला. त्यात एक ओळ होती, तिच्याकडे मी लक्ष दिले नव्हते: 'औषध खिडकीवरच्या सरांनी दिले.' खिडकीवर मी बाईंना पाहिले होते. दवाखान्यात फोन लावला.

"मी नव्हते तेव्हा," बाई म्हणाल्या. "भाचीचं लग्न होतं, मालवणला गेलेले. मग आजारीच पडले तिथं. घाटकोपरच्या ऑफिसातले आमचे अकाउंटवाले सर बसायचे माझ्या जागी. पण ते हुशार आहेत हो, माझ्या दुप्पट वेगानं काम करतात."

शनिवारी सकाळी दवाखान्यात गेलो, तेव्हा बरोबर दोन पंच होते आणि सायबर शाखेच्या एक महिला उपनिरीक्षक. मी त्यांना विनंती करून आणले होते. हिशेबनीस घाटकोपरहून आले. चाळिशीतले, पदवीधर, नीटनेटके. पोलीस पाहून घाबरले होते, पण खुर्चीवर बसल्यावर सैलावले. काम त्यांना येत होते.

"तुम्ही त्या आठवड्यांत जसं करत होतात, तसंच करा," मी सांगितले. "काही बदलू नका."

त्यांनी माऊस बाजूला सारला. कुटुंबाचा क्रमांक टाकला, वरच्या रकान्यात सासूच्या नावाची पहिली दोन अक्षरे दाबली, नाव आले, दोन बोटांनी कीबोर्डवरच्या दोन कळा एकदम दाबल्या. चिठ्ठी बाहेर आली. सगळे मिळून चार-पाच सेकंद.

सासूचे नाव. रोज पाच गोळ्या.

हिशेबनीस आमच्या तोंडांकडे बघत होते.

"काय झालं? चुकलं का काही?"

"पुन्हा काढा."

पाच.

बाई पुढे झाल्या. "अहो, तुम्ही खाली नावावर क्लिक नाही केलं."

"कशाला करायचं? नाव वर निवडलंय की."

"आधी खाली नावावर क्लिक, मग बटण. असंच करायचं असतं."

"का पण?"

"का ते नाही ठाऊक मला. पहिल्या दिवसापासून तसंच सांगितलंय, तसंच करते."

"मग मला सांगायचं ना, मॅडम!"

"त्यात सांगायचं काय? घरात शिरताना चपला काढा, हे सांगतं का कुणी?"

मी हिशेबनीसांना विचारले, सदतीस किलोच्या बाईला पाच गोळ्या देताना काही वाटले नाही का. ते म्हणाले, "कुणाला दोन येतात, कुणाला पाच. चिठ्ठीवर वजन छापत नाही, साहेब. मी डॉक्टर थोडाच आहे?"

उपनिरीक्षकांनी खुर्ची मागितली आणि अर्धा तास संगणकातल्या प्रोग्रॅमच्या आत पाहिले. मग मला शेजारी बसवून समजावले.

"सर, हा बाहेरचा मोठा फॉर्म कुटुंबाचा. त्याच्या पोटात हा दुसरा, माणसांचा. चिठ्ठीला दोन गोष्टी लागतात, नाव आणि वजन. नाव ती बाहेरच्या फॉर्मवरून घेते. वजन बाहेर नाही, आत आहे. म्हणून आत पत्ता लिहून ठेवलाय. मोठ्या फॉर्ममध्ये जा, त्याच्या पोटातल्या फॉर्ममध्ये जा, तिथला वजनाचा रकाना वाच."

"पत्ता चुकलाय?"

"नाही ना! पत्ता अगदी बरोबर आहे. चुकला असता तर मशीन अडलं असतं, कुणाच्यातरी लक्षात आलं असतं. भानगड अशी, की आत तीन माणसं आहेत आणि त्यातलं कोण, हे पत्त्यात नाही."

"मग ते कुणाचं वजन वाचतं?"

"कर्सर ज्याच्या ओळीवर उभा असेल त्याचं. मॅडम क्लिक करतात तेव्हा तो सासूबाईंच्या ओळीवर जातो. सरांनी खाली हातच लावला नाही. हात नाही लावला, तर तो फॉर्म उघडल्यापासून पहिल्या ओळीवर असतो."

पहिल्या ओळीत कुटुंबप्रमुख होता. वजन अठ्ठ्याऐंशी किलो.

आमच्या कामात समन्स बजावायला जाणारा शिपाई असतो. समन्सवर चाळ लिहिली, खोली लिहिली आणि माणसाचे नाव लिहिले नाही, तर जो दार उघडेल त्याच्या हातात तो कागद देऊन येईल. त्याने पत्ता बरोबर शोधलेला असतो. मी हे उदाहरण दिले तेव्हा उपनिरीक्षक म्हणाल्या, "तेच, सर. दार नेहमी घरातला मोठा माणूस उघडतो."

पंचनाम्यात दोन्ही पद्धती लिहिल्या. आलटून पालटून चिठ्ठ्या काढल्या. बाईंच्या हातून दोन, हिशेबनीसांच्या हातून पाच. संगणक तोच, रुग्ण तोच. दोघांच्या सह्या घेतल्या. सचिव तोपर्यंत बाहेरच्या बाकावर जाऊन बसले होते.

प्रोग्रॅम एका विश्वस्ताच्या नातलगाने काही वर्षांपूर्वी विनामूल्य करून दिला होता. सुरुवातीला त्यात माणसांचा फॉर्म एकटाच होता. एक रुग्ण, एक पान, त्यामुळे वजन त्याचेच येई. पुढे संस्थेने कुटुंब कार्ड सुरू केले. तेव्हा त्याने तो जुना फॉर्म नव्या फॉर्मच्या आत बसवला आणि चिठ्ठीतला पत्ता बदलला. तो आता परदेशात आहे. त्याने लेखी उत्तर पाठवले. त्यात एक वाक्य होते: 'आधी नावावर क्लिक करायचे, असे मी खिडकीवर सांगितले होते.' हे खरे होते.

सोमवारी वरिष्ठांसमोर पंचनामा ठेवला. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. "अटक थांबवा," म्हणाले.

त्या आठवड्यांत हिशेबनीसांच्या हातून औषध घेतलेल्या सगळ्या कुटुंबांना दवाखान्याने आमच्या देखरेखीखाली बोलावून घेतले. काहींच्या घरी रुग्ण स्वतःच कुटुंबप्रमुख होता, त्यांचे औषध बरोबर होते. काहींचे नव्हते. एका वृद्ध गृहस्थांना रुग्णालयात दाखल करावे लागले, ते बरे होऊन घरी गेले. एका बाईंनी सांगितले, की सासऱ्यांना गोळ्या सहन होत नव्हत्या म्हणून त्यांनी चौथ्या दिवशी डॉक्टरांना न विचारता बंद केल्या. सासऱ्यांच्या यकृताला काही झाले नव्हते. निष्काळजीपणाने गोळ्या बंद करणाऱ्या घरातला माणूस वाचला होता, ही गोष्ट मी अहवालात लिहिली नाही. ती अहवालात लिहायची गोष्ट नव्हती.

निकाल सांगायला मी पुन्हा चाळीत गेलो. मुलगा त्या दिवशी घरी होता. मी जे घडले ते सांगितले. त्याने मध्येच विचारले, "म्हणजे माझं वजन धरलं?"

"हो."

तो दारात जाऊन उभा राहिला.

सुनेने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे आता मी सुटले."

"तुमच्यावर गुन्हा राहत नाही. तसा अहवाल न्यायालयात जाईल."

"पण आई गेल्या त्या गोळ्यांनीच ना? मी दिल्या त्याच?"

महिला हवालदार खाली बघत होत्या. पंचनाम्यात जे होते, तेच मी सांगितले. चिठ्ठीवर पाच छापले होते. तिने पाच दिल्या.

"त्या थुंकायच्या," ती म्हणाली. "थुंकू द्यायला हव्या होत्या."

व्हिसेराचा अहवाल काही महिन्यांनी आला. विष नव्हते. क्षयाच्या औषधाचे अंश होते. खुनाच्या गुन्ह्यात वस्तुस्थितीचा गैरसमज म्हणून प्रकरण बंद करणारा 'क' समरी अहवाल न्यायालयात पाठवला. दवाखान्याच्या जबाबदार व्यक्तींवर निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचा वेगळा गुन्हा दाखल झाला. मी निवृत्त झालो तेव्हा त्यात आरोपपत्र दाखल होऊन तारखा चालू होत्या.

अहवालाची नोटीस फिर्यादीला बजावावी लागते. ती घेऊन मी बोरिवलीला मृत महिलेच्या मुलीकडे गेलो. तिला सगळे पुन्हा सांगितले, बाहेरचा फॉर्म, आतला फॉर्म, पहिली ओळ. तिने मध्ये अडवले नाही. शेवटी म्हणाली, "साहेब, कॉम्प्युटरचं मला कळत नाही. माझी आई मला म्हणाली होती, ही मला मारतेय. आणि आई मेली. याच्यात खोटं काय आहे ते सांगा."

"मारायचा हेतू नव्हता. चिठ्ठीप्रमाणे औषध दिलं तिनं."

"आई ओरडत होती तेव्हा चिठ्ठी बघत होती की आईकडं बघत होती?"

तिने पेन मागितले. नोटिशीच्या प्रतीवर सही केली आणि सहीखाली लिहिले: 'प्रत मिळाली. मान्य नाही.' ती प्रत प्रकरणाच्या कागदपत्रांत आहे. न्यायालयात तिने हरकत घेतली नाही. अहवाल मंजूर झाला.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात निष्काळजीपणाच्या त्या गुन्ह्यातल्या साक्षीसाठी पुरवणी जबाब घ्यायचा होता, म्हणून दवाखान्यात जाणे झाले. खिडकीवर त्याच बाई होत्या. प्रोग्रॅम बदलला होता. वजन आता निवडलेल्या रुग्णाच्या क्रमांकावरूनच येई आणि चिठ्ठीवर छापले जाई. बाई मात्र अजूनही आधी नावावर क्लिक करीत होत्या.

काम संपल्यावर मी त्यांना त्या कुटुंबाबद्दल विचारले. त्यांनी सांगितले, की सून खारदांड्याला माहेरी राहते. तिला खोकला होता म्हणून तपासणीला आली होती. क्षय निघाला नाही. जुन्या कुटुंब कार्डावरून आपले नाव काढून नवे कार्ड द्या, असा अर्ज तिने त्याच दिवशी दिला होता.

बाईंनी नवी नोंद पडद्यावर उघडून दाखवली. आतल्या फॉर्ममध्ये एकच ओळ होती. कुटुंबप्रमुख म्हणून तिचे स्वतःचे नाव. वजन सत्तेचाळीस किलो. एकूण सदस्य, एक.